हिरडीचा काठ

दात आणि हिरडी जिथे एकमेकांना भेटतात तिथे एक बारीक खाच असते. हिरडी दाताला घट्ट चिकटलेली दिसते खरी, पण तिचा काठ मोकळा असतो, दाताला नुसता बिलगून असतो. निरोगी तोंडात ही खाच एक ते तीन मिलिमीटर खोल असते. आरशात ती दिसत नाही, जिभेला लागत नाही. आपण रोज सकाळी दात घासतो तेव्हा ब्रश बहुतेक वेळा तिच्यावरून सरकून जातो. आणि तरीही माणसाचे दात म्हातारपणापर्यंत टिकणार की नाही, याचा निकाल बराचसा या खाचेत लागतो.

कीड लागून दात जातात हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. चॉकलेट खाऊ नकोस, दात किडतील, हे ऐकतच आपण मोठे झालो. पण पन्नाशीनंतर न किडलेले, दिसायला धडधाकट दातही हलायला लागतात. त्यांची मुळं उघडी पडतात, भाकरी चावताना ते डुगडुगतात, आणि एक दिवस हातात येतात. मग घरातले म्हणतात, वय झालं. मला हे उत्तर आता पटत नाही. नुसत्या वयानं दात पडत नाहीत. हिरडीच्या काठाशी वर्षानुवर्षं थर साचत राहतो, शरीर त्याच्याशी झुंजत राहतं, आणि त्या झुंजीत दाताला धरून ठेवणारं हाडच आतून झिजत जातं. दात पडतो तो या सगळ्याच्या शेवटी.

हे मला कळलं ते आईमुळे. आई सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलेली, आता सत्तरीच्या पुढची. तिला मधुमेह आहे. मधुमेहाचं आणि हिरड्यांचं दुखणं एकमेकांना पोसतं. रक्तातली साखर वाढली की हिरड्यांची सूज बळावते, आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर आटोक्यात यायला तयार होत नाही. म्हणून तिच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनीच तिला दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत पाठवलं. तिथे हिरड्यांच्या विभागात पुढचं शिक्षण घेणारी एक मुलगी होती, माझ्या भाचीच्या वयाची. तिनं आईला खुर्चीत बसवलं, दिवा वळवला आणि एक बारीक सळई हातात घेतली. सळईवर मिलिमीटरच्या काळ्या खुणा होत्या. हिरडीच्या काठातून ती सळई अलगद आत उतरवत ती एकेका दाताभोवती फिरली. ती आकडे सांगत होती आणि शेजारी बसलेला मुलगा ते तक्त्यात भरत होता. तीन, दोन, तीन. तीन, चार, तीन. एका दाताचे सहा आकडे. मागच्या दाढांपाशी पोचल्यावर पाच आले, सहा आले.

"काय मोजतीयास गं पोरी?" आईनं मध्येच विचारलं.

"आजी, हिरडी दातापासून किती सुटलीये ते बघतेय. तीनपर्यंत ठीक. त्याच्या पुढे गेलं की आत खिसा झाला म्हणायचं. तिथे तुमचा ब्रश पोचत नाही."

"अगं, मी तर रोज घासती. चांगलं खसाखसा."

"खसाखसा घासता ते कळतंय मला," असं म्हणून तिनं आईच्या हातात आरसा दिला आणि सुळ्याच्या मानेपाशी बोट नेलं. तिथे दाताला आडवी चीर पडल्यासारखी खाच होती. आडवा, जोराचा, कडक ब्रश वर्षानुवर्षं त्याच जागी फिरला की दाताची मान अशी झिजते आणि गार पाणी लागलं की झिणझिण्या येतात. म्हणजे आईनं दातांची हेळसांड केली नव्हती. कष्ट भरपूर घेतले होते, ते नको तिथे खर्ची पडले होते.

मग त्या मुलीनं कापसाच्या बोळ्यानं आईच्या दातांना गुलाबी रंग लावला आणि चूळ भरायला सांगितली. स्वच्छ दातावरचा रंग पाण्याबरोबर जातो, थरावरचा तसाच बसून राहतो. आईनं आरशात पाहिलं, मीही तिच्या खांद्यावरून पाहिलं. दातांची मधली पाठ पांढरी होती. काठाकाठानं मात्र प्रत्येक दाताला गुलाबी किनार, आणि दोन दातांच्या मधे गडद उभ्या रेघा. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या अंगाला, जिभेकडच्या बाजूला, रंग सगळ्यांत दाट. तिथे जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात. लाळेतल्या कॅल्शियमनं मऊ थर तिथे चटकन कडक होतो आणि त्याचं किटण होतं. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही तसंच, कारण गालातल्या लाळग्रंथीची नळी तिथे येऊन उघडते.

किटण एकदा धरलं की ब्रशनं निघत नाही, ते डॉक्टरांकडूनच काढून घ्यावं लागतं. आमच्याकडे पुष्कळांचा समज असा की मशीननं दात साफ केले की ते सैल होतात. आईलाही तीच धास्ती होती. त्या मुलीनं तिला सरळ सांगितलं: हाड झिजलेल्या दातांना कधीकधी किटणच एकमेकांशी बांधून ठेवतं, ते निघालं की आधीच सैल झालेला दात सैल आहे हे लक्षात येतं, इतकंच. किटण राहू दिलं तर मात्र खालचं हाड आणखी झिजणार. आईनं मान हलवली आणि साफ करून घ्यायला तयार झाली. नीट सांगणारं माणूस भेटलं की म्हातारी माणसं किती लवकर पटवून घेतात, हे मी त्या दिवशी पाहिलं.

या थराचं खरं रूप माणसाच्या नजरेला पहिल्यांदा पडलं ते हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात. कापडाचा व्यापार करणारे अँटनी व्हान लेव्हेनहूक स्वतः भिंगं घासत आणि त्यांतून हाती लागेल ते पाहत. 1683 साली त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिलं. गृहस्थ दातांच्या बाबतीत दक्ष होते. रोज सकाळी मिठानं दात घासत, जेवणानंतर काडीनं दाढा कोरत, फडक्यानं दात पुसत. तरीही त्यांना स्वतःच्या दातांच्या फटीत पांढरट चिकट पदार्थ सापडला. पावसाच्या पाण्यात कालवून तो भिंगाखाली धरला तर आत असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना दिसले. पुढे त्यांनी तोंडात व्हिनेगर धरून पाहिलं. थराच्या बाहेरच्या अंगाचे जीव मेले, आतले जिवंत राहिले, कारण व्हिनेगर आत शिरलंच नाही. मला हे निरीक्षण फार मोलाचं वाटतं. तोंड धुण्याच्या रंगीत बाटल्या आज दुकानातून ओळीनं मांडलेल्या असतात, आणि त्यांतल्या औषधालाही साचून जाडावलेल्या थराच्या आत मुरणं तितकंच जड जातं. थर मोडावा लागतो. तंतूनं, धाग्यानं, प्रत्यक्ष स्पर्श करून, दररोज मोडावा लागतो, कारण मोडल्यावर तो लगेच पुन्हा बसायला लागतो.

तो कसा मोडायचा याची पद्धत अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातून आली. चार्ल्स बास हे काही दातांचे डॉक्टर नव्हते. जंतांचे आणि हिवतापाचे अभ्यासक, ट्युलेन विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेचे अधिष्ठाता. हिवतापाचा परजीवी शरीराबाहेर, काचनळीत वाढवून दाखवण्याचं काम त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर 1912 साली केलं होतं. निवृत्तीनंतर या माणसानं आपला सूक्ष्मदर्शक दातांकडे वळवला. काढलेल्या दातांवर थर नेमका कुठे बसतो ते पाहिलं, आणि मग ब्रश कुठे टेकला पाहिजे ते ठरवलं. ब्रशचे तंतू बारीक, मऊ, टोकाशी गोल केलेले असावेत, हा त्यांचा आग्रह. दोन दातांच्या मधल्या फटीसाठी नायलॉनचा धागा कसा असावा यावरही त्यांनी तितकंच बारकाईनं काम केलं. 1875 साली जन्मलेले बास 1975 साली वारले. आज जगभरच्या दंत महाविद्यालयांतून त्यांच्याच नावाची पद्धत शिकवली जाते.

त्या मुलीनं ती आईला एका मोठ्या प्लास्टिकच्या जबड्यावर दाखवली. ब्रश मुठीत आवळायचा नाही, पेन धरतो तसा बोटांत धरायचा. मुठीत धरला की जोर खांद्यातून येतो, बोटांत धरला की तो आपोआप कमी होतो. ब्रश दाताला सपाट लावायचा नाही, हिरडीच्या दिशेनं तिरका करायचा, साधारण पंचेचाळीस अंशांत. खालच्या दातांना खाली, वरच्या दातांना वर. तंतूंची निम्मी रांग दातावर, निम्मी हिरडीच्या काठावर. आता ब्रश जागचा उचलायचा नाही. तिथल्या तिथे, अगदी थोडा, मागेपुढे थरथरवायचा, म्हणजे तंतूंची टोकं त्या खाचेत किंचित शिरतात. एका वेळी दोन-तीन दात. पंधरा-वीस वेळा असं केलं की ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे वळवून घ्यायचा आणि पुढच्या दोन-तीन दातांवर जायचं. बाहेरून एक फेरी, आतून एक फेरी. पुढच्या दातांच्या आत ब्रश आडवा मावत नाही, तिथे तो उभा धरायचा. चावायची बाजू शेवटी, ती सोपी.

"आजी, जोर नको. जागा धरा," ती पुनःपुन्हा म्हणत होती.

आईनं दोनदा हात फिरवून पाहिला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "म्हंजी पातेल्याच्या दुमडल्याल्या कडंखाली राख घालून बोटानं घासतो, तसंच की." त्या मुलीला पातेल्याची कड समजली की नाही कोण जाणे, मला मात्र आईच्या डोक्यात काय उजळलं ते दिसलं. आयुष्यभर भांडी घासलेल्या बाईला कळकट कुठे धरतं हे सांगावं लागत नाही. तिला फक्त दाताला कुठे कड आहे ते दाखवावं लागलं.

आणि ती कड आमच्या गावाकडे कधी कुणी कुणाला दाखवली नव्हती. दात घासायला काय घ्यायचं हे सगळ्यांनी सांगितलं. गोवऱ्यांची राखुंडी मीठ घालून, कडुनिंबाची नाहीतर बाभळीची काडी, नंतर गोल डब्यातली पांढरी पावडर, मग ट्यूब. आणि बायकांसाठी मिसरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि पत्र्याच्या डबीत भरून ठेवायची. ती भाजताना उठणारा खाट ज्यानं एकदा घेतला त्याला तो विसरता येत नाही. सकाळी उंबऱ्याशी बसून बोटानं ती हिरड्यांना चोळायची, मग दुपारी एकदा, काम संपल्यावर एकदा. मिसरी दातांसाठी चांगली, ठणका थांबतो, असं म्हणत ती सुरू व्हायची आणि मग तिच्याशिवाय परसाकडेला होत नाही इथवर यायची. ज्या हिरडीच्या काठाला जपायचं, त्याच काठाला तंबाखू चोळली जात होती. पेस्ट आणि पावडरीत तंबाखू घालायला केंद्र सरकारनं 1992 साली बंदी केली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिसरीला ती कुठली लागू व्हायला? तोंडाचा कॅन्सर, पोटुशी बाईच्या बाळाचं कमी वजन, हे सगळं मिसरीपायी पदरात येतं. गावोगावच्या बायकांना याबद्दल सांगणाऱ्या आरोग्यसेविका मला माहीत आहेत, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. आईनं मिसरी सोडली ती मात्र माझ्या वहिनीमुळे. वहिनी गरोदर होती, तव्यावरच्या खाटानं तिला ठसका लागायचा. आईनं एका सकाळी डबी उचलली आणि उकिरड्यावर रिकामी केली. त्याबद्दल ती पुन्हा एक शब्द बोलली नाही.

राखुंडीपासून ट्यूबपर्यंत या सगळ्यांत एक धागा सारखा आहे. चर्चा कायम पदार्थाची झाली, हाताची झाली नाही. जाहिराती अजूनही तेच करतात, ब्रशवर पेस्टचा लांबलचक नागमोडी पट्टा काढून दाखवतात. मोठ्या माणसाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी. पेस्टमधलं फ्लोराइड दाताचं कवच बळकट करतं, तेवढ्यासाठी ती हवीच, आणि त्याच कारणानं घासून झाल्यावर खळाखळा चुळा भरून ती धुऊन टाकायची नाही, नुसतं थुंकायचं. पण थर मोडण्याचं काम पेस्टचं नाही, तंतूंच्या टोकांचं आहे.

आपल्याकडे पूर्वी हे कुणालाच माहीत नव्हतं असं मात्र म्हणता येत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दात घासण्याच्या काडीविषयी सांगितलं आहे. काडीचं टोक चेचून मऊ करावं, ती तुरट, तिखट किंवा कडू रसाची असावी, दिवसातून दोन वेळा वापरावी, आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये. टोक मऊ, दोन वेळा, हिरडी जपून. आजचा कुठलाही दंतवैद्य याखाली सही करील. कडुनिंबाचा अभिमान आपण पिढ्यान्पिढ्या सांगत आलो. काडीचं टोक चेचायचं आणि हिरडी जपायची, एवढं मात्र वाटेत गळून पडलं.

दोन वेळांपैकी एक वेळही गळून पडली. सकाळचं दात घासणं आपल्याकडे कडक शिस्तीत बसलेलं आहे. पारोशा तोंडानं चहा घ्यायचा नाही, हे लहान मूलही पाळतं. रात्री मात्र जेवण झालं, वरून दूध झालं, एखादा लाडू झाला की तसंच अंथरुणावर. आणि खरा धोका रात्रीचा. झोपेत लाळ अगदी कमी सुटते. दिवसभर ती तोंडातलं आम्ल पातळ करत असते, धुऊन नेत असते. रात्री तिचा पहारा सुटतो आणि जे साचलं असेल त्याला सलग सहा-सात तास मोकळं रान मिळतं. बास यांचाही भर रात्रीच्या घासण्यावर होता. एकच वेळ नीट जमणार असेल तर ती रात्रीची ठेवा, असं मी आता भेटेल त्याला सांगते.

नव्या पद्धतीनं घासायला लागल्यावर आईच्या हिरड्यांतून रक्त आलं. ती घाबरली आणि त्या जागी ब्रश लावायचा नाही असं तिनं ठरवून टाकलं. बहुतेक माणसं हेच करतात. लाल झालेलं पाणी पाहिलं की हात मागे घेतात, मग थर वाढतो, सूज वाढते आणि रक्तही वाढतं. डेन्मार्कमधल्या आरहूस शहरात हारल्ड लो या संशोधकानं 1965 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी तिला सोप्या शब्दांत सांगितला. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांनी दात घासणं पूर्ण बंद केलं. दहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंतच्या काळात, कुणाचं आधी कुणाचं नंतर, प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केली आणि साधारण आठवड्याभरात सगळ्यांच्या हिरड्या पूर्ववत झाल्या. "म्हंजी रक्त येतंय तिथंच जास्त बघायचं?" आईनं विचारलं. हो, तिथेच, पण हलक्या हातानं. तिनं तसं केलं, आणि रक्त थांबलं. हिरडी अशी लवकर सावरते. झिजलेलं हाड मात्र आपण होऊन परत येत नाही, म्हणून हिरडीच्या पातळीवरच गोष्ट थांबवायची धडपड.

आता धागा. दाढेला पाच बाजू असतात. बाहेरची, आतली, चावायची आणि शेजारच्या दातांना लागून असलेल्या दोन. ब्रश कितीही चांगला असला तरी या शेवटच्या दोन बाजूंना तो पोचत नाही. रायवळ आंबा चोखल्यावर रेषा अडकतात, मटण खाल्ल्यावर दोरा अडकतो, तेव्हाच आपल्याला ही फट आठवते, आणि मग काडी, टाचणी, सेफ्टी पिन, हाताला लागेल ते आत जातं. अडकलेलं निघालं की फट विसरली जाते. पण धाग्याचं खरं काम अडकलेलं काढणं हे नाहीच. त्याचं काम फटीतल्या दोन्ही भिंती पुसणं.

न्यू ऑर्लिन्सच्याच लेव्ही स्पिअर पार्मली नावाच्या दंतवैद्यानं 1819 साली मेण लावलेला रेशमी धागा दातांच्या मधून फिरवायला सांगितलं होतं. म्हणजे कल्पना जुनी आहे. तरी 2016 साली अमेरिकेत मोठा गवगवा झाला, फ्लॉसच्या, म्हणजे या धाग्याच्या, उपयोगाला भक्कम पुरावाच नाही म्हणून. बातम्या वाचून पुष्कळांनी सुटकेचा निश्वास टाकला. मला त्या वादात एक जुनाच आढावा महत्त्वाचा वाटतो, 2006 सालचा. शाळकरी मुलांच्या दातांत प्रशिक्षित माणसांनी शाळेच्या दिवशी रोज धागा फिरवला, तिथे फटीतल्या किडीचा धोका 40 टक्क्यांनी कमी झाला. मुलांनी आपापला फिरवला, तिथे फरक दिसला नाही. तोच धागा, तसेच दात. हात वेगळे. मी हे वाचलं तेव्हा मला त्या ओपीडीतल्या मुलीचं "जागा धरा" पुन्हा ऐकू आलं.

धागा घ्यायचा तो कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आपला जुना एक हात. त्याचा बराचसा भाग एका हाताच्या मधल्या बोटाला गुंडाळायचा, थोडा दुसऱ्या. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत इंचभर ताणलेला राहिला पाहिजे. दोन दात जिथे एकमेकांना घट्ट टेकतात तिथून तो करवतीसारखा हळूहळू मागेपुढे करत उतरवायचा. खाडकन दाबला की खाली हिरडीत रुततो, आणि बहुतेक जण इथेच दुखावून धागा कायमचा सोडून देतात. खाली उतरला की तो एका दाताभोवती अर्धा वळवायचा, दाताला मिठी मारल्यासारखा, आणि हिरडीच्या काठाखाली किंचित नेऊन वरखाली पुसायचा. दातावरचा बुळबुळीतपणा गेला की बोटांना कळतं. मग त्याच फटीत दुसऱ्या दाताला वळवायचा. मग धाग्याचा नवा भाग आणि पुढची फट. सुरुवातीला बोटं एकमेकांत अडकतात, गाल ओढला जातो, मागच्या दाढा नको वाटतात. हात बसला की सगळं काम दोन-तीन मिनिटांत होतं. मला रात्रीची ती मिनिटं आता आवडतात. दिवसभरात इतक्या लक्षपूर्वक मी दुसरं फार काही करत नाही.

आईची बोटं संधिवातानं आखडलेली, तिला धागा जमणार नव्हता. आणि हिरड्या खाली गेलेल्या असल्यानं तिच्या फटी रुंदही झाल्या होत्या. अशा फटींसाठी बारीक गोल ब्रश मिळतात, तारेवर तंतू बसवलेले, फटीच्या मापाचे. रुंद फटीत ते धाग्याहून सरस काम करतात. तिच्या नेहमीच्या ब्रशच्या दांड्याला मी सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवली, म्हणजे तो तिच्या बोटांत नीट राहायला लागला. अडचण एवढीच, की पेस्टची दहा रुपयांची ट्यूब आमच्या गावच्या प्रत्येक टपरीवर लटकलेली असते आणि हे बारीक ब्रश तालुक्याच्या औषधाच्या दुकानातही मागवून घ्यावे लागतात. हे बदललं पाहिजे. आणि शाळेत वर्षाकाठी एखादं दंततपासणी शिबिर होऊन मुलांना फुकट ट्यूब वाटल्या जातात, तिथे एकेका मुलाचा हात धरून ब्रश तिरका कसा टेकवायचा हे दाखवायला पाच मिनिटं कुणीतरी काढली पाहिजेत. तसंही सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या बोटांना हे काम पेलत नाही. तोवर आईबापांनी मागे उभं राहून, मुलाचं डोकं आपल्या पोटाशी टेकवून, स्वतः घासून द्यायचं असतं. माझा भाऊ नातवाचे दात असेच घासतो, आणि घासताना आई शेजारी उभी राहून त्याला सूचना देते. ब्रश सपाट धरलायस, तिरका कर. आतून घास. घाई कशाची आहे तुला?

पुढच्या खेपेला आम्ही ओपीडीत गेलो तेव्हा बरेच आकडे खाली आले होते. पाचाचे चार, चाराचे तीन. वरच्या डाव्या बाजूच्या अगदी शेवटच्या दाढेचा सहा मात्र तसाच होता.

"तिथं ब्रश जातच न्हाई बघ," आई म्हणाली. "कितीबी तोंड वासलं तरी गाल आडवा येतोय."

"वासू नका ना आजी. उलट मिटा थोडं."

आई बघतच राहिली. मग त्या मुलीनं स्वतःच्या कानापुढे बोट ठेवून दाखवलं. तोंड पूर्ण उघडलं की खालच्या जबड्याच्या हाडाचं वरचं टोक पुढे सरकतं आणि नेमकं वरच्या दाढेच्या बाहेर येऊन उभं राहतं, जागा अडवतं. तोंड अर्धं मिटलं, जबडा जरा त्या बाजूला सरकवला की ते हाड बाजूला होतं आणि गाल सैल पडतो. तिनं आईला लहान डोक्याचा ब्रश दिला. आईनं ओठ जवळ आणले, जबडा डावीकडे नेला आणि ब्रश गालाच्या आतून मागे सरकवला.

"गेला की गं!" ती ब्रश तोंडात ठेवूनच म्हणाली, आणि घासायला लागली.